टेपमधली ती

मला माझ्या जावेचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, आता गोडगोड बोलून काय करायचंय? ती माझ्यामागून दोन वर्षांनी घरात आली आणि सासूबाईंना जणू पोटची मुलगीच सापडली. गिरगावातली खोली सोडून आम्ही सगळे नवघरला तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट. नव्वद साल नुकतंच उलटलं असेल. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, सकाळी बाहेर पडले की दुपारी उशिरा घरी. जाऊ दिवसभर घरातच. दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायच्या आणि खिदळायच्या. मी आत पाऊल टाकलं की हसणं बंद. "आलीस? चहा ठेवू?" चहा! मला काय चहा मिळत नव्हता? मला ते हसणं हवं होतं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. दारात चपला काढतेय तोच खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. "ती आल्यापासून घरात पाय ठेवायला जागा उरली नाही बघ." जाऊ म्हणाली, "आणि कुरकुरते किती हो आई! जरा धक्का लागला की झालं सुरू." "गावाला पाठवून देऊ तिला एकदाची," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी खो खो हसल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात बायकांची नावं घेऊन कोण बोलतंय? 'ती' म्हटलं की समजून जायचं. घरात बायका तीन, त्यातल्या दोघी बोलत होत्या. मग उरलं कोण?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं नाव घेतलं का त्यांनी?"

"अहो, नाव कशाला घेतील?"

"मग तुला उगाच वाटलं असेल." हे त्याचं नेहमीचंच. मीरा रोडला वेगळं घर घेऊ या, म्हणून मी वर्षभर त्याच्या मागे लागले होते. त्या दिवशी मी इतकी रडले की शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "आई असं बोलली हे माझ्या कानांनी ऐकलं ना, तर उद्याच ब्लॉक बघायला जाऊ."

ऐकायचंय ना? ऐकवतेच, म्हटलं.

पण मी पडले ऑफिसातली बाई, कागदावर सही असल्याशिवाय पाऊल न टाकणारी. केबिन रोडला साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक वकील बसायचे, त्यांना जाऊन विचारलं, की असं कुणाचं बोलणं टेप केलं तर चालतं का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "सरकारला कुणाचा फोन ऐकायचा तर त्याला नियम आहेत. घरातल्या गप्पा टेप करू नयेत असं कुठे धड लिहिलेलं नाही. कोर्टात टेप चालतेही कधीकधी. पण बाई, तुम्ही स्वतः त्या बोलण्यात असाल तर निदान एका माणसाला तरी ठाऊक असतं. तुम्ही बाहेर आणि टेप आत, म्हणजे बोलणाऱ्या दोघींनाही पत्ता नाही. त्यापेक्षा त्यांना विचारून का नाही लावत?"

विचारून! विचारून कोण खरं बोलतं? मी त्यांना नमस्कार केला आणि जिना उतरले.

आमचा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरच असायचा, सासूबाई त्यावर भजनं ऐकायच्या. पुढच्या सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यात कोरी कॅसेट घातली, रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली, वर हातपुसणं टाकलं आणि "भाजी घेऊन येते" म्हणून निघाले. पाऊण तास बाजारात नुसती फिरले. खरं सांगू का, मजा वाटत होती. आता बघते तुम्हाला, असं सारखं मनात येत होतं.

रविवारी सकाळी बेडरूमचं दार लोटून नवऱ्याला समोर बसवलं आणि टेप लावला. आधी भांड्यांचा आवाज. मग बांगडे महाग झाले. जावेची टाच दुखते. सासूबाईंची वरसाव्याची मावसबहीण ऐकू येत नाही तरी फोनवर बोलते, त्यावर दोघी पोट धरून हसल्या. नवरापण हसायला लागला. मी म्हटलं, "थांबा, येईल आता."

आणि आलं. सासूबाई म्हणाल्या, "तिचं काय ते ठरवा बाई. ती लोखंडी कॉट गिरगावातून आणली तेव्हापासून हॉलमध्ये हलायला जागा नाही." जाऊ म्हणाली, "नुसतं टेकलं तरी कुरकुरते."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. टेप चालूच होता. कॉट गेली, मेथी आली, शेजारणीची सून आली, पापडाचं पीठ आलं. मी एकेका शब्दाला कान लावून बसले होते. कुठेतरी, एकदा तरी. शिवी असती तरी मी धरून ठेवली असती. पाऊण तास संपला आणि बटण खाड्कन वर आलं.

"तू कुठेच नाहीस गं ह्यात," नवरा म्हणाला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"माझाच आवाज ना तो?" त्यांनी विचारलं. नवऱ्यानेच सांगून टाकलं, "तुम्ही दोघी हिच्याबद्दल बोलता असं वाटलं हिला. म्हणून टेप केलं."

मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. त्यांनी टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी सांगायचंस गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दलही बोललो असतो."