सहा मिलिमीटर मोठं घर

मला ड्रॉइंग वाचायला शिकवलं आणि माझी नोकरी वाचवली, ती बबन मिस्त्रींनी. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना हात थांबतो.

मी हिंगोलीकडची, नववीत शाळा सुटलेली. भोसरीतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये लाकडाला पॉलिश पेपर मारायचं काम मिळालं. लोखंड ओतण्याआधी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो मिस्त्री करायचे. माणूस दिघी गावठाणातला. कानावर पेन्सिल, आणि कापण्याआधी प्रत्येक फळीचा वास घ्यायची सवय. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "घाबरतीस कशाला? लाकूड चावत न्हाई. शेठ चावतो, पर त्यो दुपारनं येतो."

एकदा चाकणच्या कंपनीचं वेगळंच काम आलं. त्यांचे फ्रेंच साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाले होते. साहेबांच्या गावातलं, जमीनदाराचं सहाशे वर्षांपूर्वीचं दगडी घर लाकडात दोन फुटांचं करून द्यायचं होतं.

त्याच घरावर मी ड्रॉइंग शिकले. भोवती खंदक, खालच्या भिंती जाडजूड, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. खाली धान्य, वर बैठकीचं दालन, कोपऱ्यात गोल जिन्याचा बुरूज. वरच्या खिडक्या मात्र रुंद. "लढाया थांबल्यावर फोडल्यात ह्या," मिस्त्री म्हणाले. "भ्या गेलं की माणूस भिंत फोडतो." अंगणात कबुतरांचा मनोरा होता. जितकी जमीन तितकेच कप्पे ठेवायची मुभा, असं साहेबांनी लिहून पाठवलेलं. मिस्त्री खूप हसले. "म्हंजी सातबारा भिंतीवरच की! तलाठ्याचं कामच न्हाई."

मिस्त्रींकडे दोन स्टीलच्या पट्ट्या होत्या. एक साधी. दुसरी नमुन्यांची: लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून तिचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर लांब. दिसायला दोन्ही सारख्याच, फरक फक्त टोकाला कोरलेल्या बारीक आकड्यात. "आगं, साधी दे, ह्ये घर वतायचं न्हाई," ते म्हणाले. मी दुसरी दिली. रोज तीच द्यायची सवय, हात तिकडेच गेला. त्यांना बारीक आकडे दिसत नव्हते, हे मला माहीत होतं. तरी मी बघितलं नाही. त्या कामासाठी तीच पट्टी त्यांनी वेगळी काढून ठेवली आणि सगळं घर तिच्यावर केलं.

न्यायच्या दिवशी कंपनीचा माणूस काचेची पेटी घेऊन आला. घर आत जाईना. सहा मिलिमीटर जास्त. मिस्त्रींनी पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि त्यांना कळलं. साहेबांचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं. पेटी रिकामी परत गेली.

शेठ ओरडले, "पट्टी कुणी दिली?"

मी खाली वाकून भुसा गोळा करू लागले. मिस्त्री म्हणाले, "म्याच घेतली. डोळं गेलं आता माझं."

शेठना नमुने कापायचं मशीन आणायचंच होतं, त्यांना निमित्त मिळालं. उद्यापासून येऊ नका, म्हणाले. फाटकापाशी मी मिस्त्रींना गाठलं. "काका, मी सांगते शेठना."

"गप ऱ्हा. मला गावात घर हाय. तुला हितं कोन हाय?"

साधी पट्टी माझ्या हातात ठेवून ते गेले.

मी गप्पच राहिले. दिघीला जाईन जाईन म्हणत चार महिने गेले. गेले तेव्हा दाराशी चपलांचा ढीग होता, आत मिस्त्रींच्या फोटोला हार. काकू म्हणाल्या, "आजारी न्हवतं गं. नुसतं बसून ऱ्हायलं. हाताला काम न्हवतं."

आता मी मशीनवरची ड्रॉइंग वाचते. शेठ लोकांना सांगतात, पोरगी हुशार आहे. ते घर शॉपमधल्या कपाटावर आहे, आणि मला तिकडे मान वर करून बघवत नाही. माझं भ्या अजून गेलेलं नाही.

पण काका, पट्टी कुणी दिली ते मी एक दिवस शेठना सांगेन. आणि तुमच्या साध्या पट्टीनं ते घर पुन्हा करीन, खालच्या फटीपासून वरच्या खिडकीपर्यंत, आणि दिघीला काकूंच्या हातात नेऊन देईन.