पंधरा वॅटचा गोऱ्हा

कोणी नवी वस्तू घेऊन आलं की आमचे शेजारचे भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे, वस्तू खालून वर न्याहाळायचे आणि विचारायचे, "किती वॅट?"

पंखा असो, मिक्सर असो, देवळातली नवी लाइटची माळ असो. किंमत नाही विचारायचे, वीज किती खाते ते विचारायचे. ही सवय पुढे इतकी वाढली की माझ्या भाचीला पाहायला पोरगा आला, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या भाऊंनी मला हळूच विचारलं, "बाई, हा किती वॅटचा हाय?" मी म्हटलं, चहाचे दोन कप झाले, अजून तोंडातून शब्द नाही. तर म्हणाले, "म्हंजे कमी वॅटचा. त्रास नाई देणार. करून टाका." करून टाकलं. पोरगी सुखात आहे, खोटं काऊन बोलू.

भाऊ चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर मूल शहराजवळच्या आमच्या गावात, बायकोच्या माहेरघरी येऊन राहिले. मधे बायको गेली. भाऊ राहिले, आणि सोबतीला राहिली एक काळी लोखंडी पेटी.

पेटी म्हणजे कॉम्प्युटरच, पण तुम्ही-आम्ही दुकानात पाहतो तसा नाही. खाणीच्या ऑफिसात मोठमोठ्या नकाशांसाठी ठेवलेला, मग भंगारात काढलेला. भाऊ त्याला वर्कस्टेशन म्हणायचे. उचलायला दोन माणसं लागायची. चालू केला की राइस मिलसारखा घुमायचा आणि मागच्या जाळीतून गरम वारं सोडायचा. थंडीत माझी मांजर त्या जाळीमागेच मुक्कामाला असायची. उन्हाळ्यात मात्र त्या खोलीत मांजरही बसत नसे आणि भाऊही.

लाडानं त्या पेटीला ते 'हल्या' म्हणत. आमच्याकडे धानाच्या चिखलात बैल थकतो, रेडा थकत नाही. त्या रेड्याला आम्ही हल्या म्हणतो. चाल संथ, पण सकाळी जुंपला की संध्याकाळीच सोडायचा.

त्यांचा मुलगा पुण्याला, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. दर दिवाळीला यायचा आणि बापलेकांचं तेच भांडण व्हायचं. तो म्हणायचा, बाबा, पुण्याला चला. भाऊ म्हणायचे, चाललो असतो, पण पेटी हलवता येत नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांनी तिचं आतलं सगळं निखळेल, आणि पेटीशिवाय मला करमत नाही. माणसाला गाव का सुटत नाही हे काय सांगायची गोष्ट आहे? ती त्यांनी कधी सांगितलीही नाही. पेटीचं कारण पुढे करायचे. मला सगळं कळत होतं. पोराला मात्र ते कारण खरं वाटायचं, कारण तो त्याच लाइनीतला.

म्हणून एका दिवाळीला तो लॅपटॉपच घेऊन आला. तांदळाच्या भाकरीहून थोडा जाड. म्हणाला, तुमच्या पेटीचं सगळं काम हा करतो, आणि थैलीत मावतो.

भाऊंनी चष्मा चढवला. "किती वॅट?"

"प्रोसेसर पंधरा वॅटचा आहे, बाबा."

भाऊंना इतकं हसू आलं की ठसका लागला. मी पाणी दिलं. "पंधरा? अबे, माह्या हल्याचा निस्ता मेंदू एकशेतीस वॅट खाते. पंधरा वॅटचा तं देवाजवळचा बल्ब असते."

पोरगा थंड डोक्याचा. म्हणाला, "खाण्यावर जाऊ नका, कामावर जा. एक मोठं काम दोघांनाही द्या. यानं आधी संपवलं तर तुम्ही माझ्याकडे यायचं. कबूल?"

भाऊ म्हणाले, "कबूल. आणन्याले येशील तवा रिकामी गाडी घेऊनच वापस जाशील."

लॅपटॉपचं नाव त्याच दिवशी ठरलं, गोऱ्हा. दिसायला तरतरीत, पण अजून नांगर पाहिलेला नाही, असा.

मोठं काम त्या उन्हाळ्यात आमच्याकडूनच निघालं. आमच्या गावचा तलाव मासेमारांच्या सोसायटीकडे आहे, आणि सोसायटीत आम्ही बायाच जास्त. तलावाच्या वरच्या अंगाला धानाच्या बांध्या आहेत, लोकांची भातखाचरं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, हळूच हातभर पुढे यायचा. दरसाल हातभर. तलाव असा आक्रसत चालला होता, आणि तेही नेमका उथळ भागात, जिथे मासोळी अंडी घालते. आम्ही तक्रार केली. सुनावणी लागली. साहेब म्हणाले, तलाव कुठपर्यंत होता ते नकाशावर दाखवा, तोंडी नको.

चंद्रपूरहून ड्रोनवाला बोलावला. त्यानं वरून आठशे फोटो काढले आणि भाऊंच्या हातात पेनड्राइव्ह ठेवून गेला. हे आठशे तुकडे वाकळीसारखे एकाला एक जोडायचे की अख्ख्या तलावाचा नकाशा होतो, आणि जुन्या काठाची रेघ मातीच्या रंगावरून उमटते. जोडायचं काम कॉम्प्युटर करतो, पण त्याला दिवस लागतो. आमच्याजवळ एकच दिवस होता. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

भाऊंनी सकाळी आठला दोघांनाही एकदमच जुंपलं. एक अडला तर दुसरा असावा, असं आम्हाला सांगितलं. शर्यतीचं गावात मला एकटीलाच ठाऊक होतं, पण माझ्या पोटात काय राहते? नऊ वाजेपर्यंत ओसरीवर शंकरपट भरला. बैलजोड्यांच्या शर्यतीला माणसं जमतात तशा बाया जमल्या, कोणी तांदूळ निवडायला घेऊन, कोणी जाळं विणायला घेऊन. पडद्यावर शंभरातले किती झाले तो आकडा दिसायचा. एक बाई आत जाऊन पाहून यायची आणि ओरडून सांगायची.

पहिले दोन तास गोऱ्हा सुसाट. त्याचे तीस झाले तेव्हा हल्याचे पंचवीस. भाऊ मिशीत हसत होते. म्हणाले, पटावर नवा बैल असाच सुटतो. मग त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. हल्याच्या मेंदूत सोळा मजूर आहेत, जुने, हात संथ. गोऱ्ह्याच्या मेंदूत चारच, पण चपळ. चिल्लर कामाला चार चपळ बरे. रोवण्याला? धानाच्या रोवण्याला सोळा बाया पाहिजेत, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. एकीनं विचारलं, सोळातल्या चार जणी गप्पाच हाणत असल्या तर? भाऊ म्हणाले, त्या धरूनच सोळा.

अकरानंतर तसंच झालं. एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन, पत्रे तडतडायला लागले. गोऱ्हा खालून तापला, आणि तापला की तो आपणहून चाल कमी करतो, जळू नये म्हणून. भाऊ म्हणाले, "आंग नाई नं त्याले. गर्मी ठेवीन कुठी?" हल्या मात्र होता तसाच घुमत होता. दीडला दोघं बरोबरीत आले. तीन वाजता हल्या एकोणनव्वद, गोऱ्हा सत्त्याहत्तर. त्या दिवशी लाइनसुद्धा गेली नाही. लाइनलाही बहुतेक शर्यत पाहायची होती.

भाऊ विजयी मुद्रेनं जेवायला उठले. आता मी काय केलं ते ऐका. ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

मी त्या खोलीत गेले. हल्याच्या जाळीतून असं कढत वारं येत होतं की माझा जीव कळवळला. सकाळपासून हल्या, हल्या ऐकून माझ्याही डोक्यात तेच बसलेलं. आमच्या बाबांच्या घरी उन्हाचा हल्या आला की त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकायचे. मी रांजणाजवळचं पोतं भिजवलं, चांगलं पिळलं, थेंब पडू दिला नाही, इतकी अक्कल होती, आणि पेटीच्या पाठीवर नीट पसरलं. जाळी झाकली गेली.

पाच-दहा मिनिटांनी घुमणं थांबलं. मला वाटलं, गार वाटलं वाटतं बिचाऱ्याला.

भाऊ उष्ट्या हातानंच धावत आले. पडदा काळा. त्यांनी पोतं पाहिलं, मला पाहिलं. मग अगदी हळू बोलले, "बाई, थे गरम वारं म्हंजे त्याचा श्वास होता. तुमी नाक दाबलं त्याचं."

पेटी मेली नव्हती, गुदमरून बंद पडली होती. पुन्हा चालू झाली असती, पण मोजणी पहिल्या फोटोपासून. नकाशा मूलचं दुकान बंद व्हायच्या आत छापून आणायचा होता, आणि तेवढा दिवस आता उरला नव्हता.

मागून बायांचा घोळका आला, काय झालं, काय झालं करत. भाऊंनी पोत्याची गुंडाळी करून खाटेखाली सरकवली. "म्हातारा झाला," म्हणाले, "बसला."

आता सगळी मदार गोऱ्ह्यावर. दिवसभर ज्याची टर उडवली, त्याच्यापुढे भाऊ गुडघे मोडून बसले. चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार झाकणं ठेवून त्याला उचलला, खालून हवा मिळावी म्हणून. मग माझ्याकडे हात केला. मी सूप दिलं. एकशेतीस वॅटवाला माणूस पंधरा वॅटवाल्याला सुपानं वारा घालत बसला. हात दुखला की दुसरी बाई, मग तिसरी. ब्याऐंशी, नव्वद, सत्त्याण्णव. सूर्य बुडायच्या आधी तलाव पडद्यावर अख्खा उतरला, आणि धानाच्या बांध्यांच्या पोटातून जुन्या काठाची फिकट रेघ गेलेली दिसली. बाया एकमेकींना ढकलत त्या रेघेवर बोट ठेवायला पुढे झाल्या.

फोन आला पोराचा, त्याला शर्यतीचं भाऊंनी सकाळीच कळवलं होतं. कोण जिंकलं?

मी पुढे सरसावले. भाऊंनी पंजा उभा करून मला थांबवलं. "तुहा गोऱ्हा जिंकला," ते म्हणाले. "माहा बसला."

दुसऱ्या दिवशी नकाशा पाहून साहेबांनी धुरा मागे घ्यायला सांगितला. परतताना मी भाऊंना म्हटलं, शर्यत खोटी झाली, मी पोराला फोन करून खरं काय ते सांगते, तुम्हाला जायची गरज नाही.

"सांगू नोका," भाऊ म्हणाले. "किती वर्षांपासून बोलवून राह्यला तो, अन् दरवेळी मीच जिंकून राह्यलो. लेकरू हाय माहं. एकडाव त्यालेही जिंकू द्या."

"मंग आमी?"

भाऊ म्हणाले, "तुमच्याकडं मांजर हाय."

जूनच्या आत पोरगा गाडी घेऊन आला. पेटी शाळेला दिली. भाऊ मागच्या सीटवर बसले, मांडीवर लॅपटॉपची थैली, आणि गावाकडे न पाहता ड्रायव्हरला रस्ता सांगत गेले.

पुढल्या उन्हाळ्यात तलावाच्या हद्दीचे दगड रोवले, एकूण एकवीस. मी भाऊंना व्हिडिओवर फोन लावला. म्हणाले, सगळे दाखवा, मोजून घेतो. मी गाळात पाय टाकत एकेका दगडापुढे फोन धरत निघाले. पाचव्याला म्हणाले, वाकडा हाय, सरळ करा. बाराव्याला म्हणाले, झकास. तेराव्याच्या पुढे आमच्याकडे रेंज नाही. चित्र अडकलं, भाऊंचं तोंड अर्धं उघडं राहिलं, मग पडदा काळा झाला.

परत फिरावं असं वाटलं. पण मोजणी अर्धी टाकलेली त्यांना खपत नाही. तशीच पुढे गेले, प्रत्येक दगडापुढे तो बंद फोन धरत, एकविसाव्यापर्यंत.