समद्या हायेत

माझ्या डोक्यात शब्द उशिरा येतात. ऑफिसात कुणी फाईल मागितली की मला आधी तिच्यावरचा चहाचा डाग दिसतो, मग कपाटाच्या दाराची करकर ऐकू येते. नंबर सगळ्यात शेवटी. हे मी कुणाला सांगत नाही. लोक मंद समजतात. आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं डोकंही असंच. देवगाव रंगारीच्या शिवारात त्यांनी जन्मभर मेंढरं राखली, पण कधी मोजली नाहीत. दिवस मावळताना काट्याच्या कुंपणाच्या तोंडाशी उभे राहायचे, डोळे अर्धे मिटून, आणि कळप आत जाऊ द्यायचे. मी लहान असताना एकदा म्हणाले, "काय कमी वाटतंय?" मी कान लावला. लंगड्या मेंढीच्या गळ्यातल्या चिरलेल्या घंटीचा बद्द आवाज आलाच नव्हता. ती ओढ्यात अडकलेली सापडली.

तीन वर्षांपूर्वी आबा उन्हात चक्कर येऊन पडले. मी त्यांना शहरात डॉक्टरांकडे आणलं. तपासून झाल्यावर डॉक्टर सहज विचारू लागले.

"बाबा, आज वार कोणता?"

"बाजार काल झाला."

"मेंढ्या किती तुमच्याकडे?"

"समद्या हायेत."

"अहो, आकडा सांगा."

"आकडा कशाला? एक जरी कमी आसली तर कळतंय की."

"कसं कळतं?"

आबांनी हात कानाजवळ नेला, तोंड उघडलं. मग हात खाली घेतला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "विसरभोळेपणा बराच दिसतोय. घरीही असंच?"

मला सगळं दिसत होतं. कुंपणाचं तोंड, धूळ, तो न आलेला आवाज. एक वाक्य पुरलं असतं. पण दर आठवड्याला एसटीनं देवगावला पळून मी कंटाळलो होतो. तेव्हा शब्दच सापडले नाहीत, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. सापडले होते. मी होकारार्थी मान हलवली.

महिन्याभरात कळप विकला. आबा शहरात, पडेगावला आमच्या फ्लॅटमध्ये आले. संध्याकाळ झाली की दारात उभे राहतात, डोळे अर्धे मिटून. जिन्यात कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा टीव्ही, खाली मोटारसायकली. बायको म्हणते, "आबा, आत या ना, सगळे आलेत घरी." ते "व्हय" म्हणतात आणि तिथंच राहतात.

परवा मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आबा, डॉक्टरकडं तुम्ही काय सांगत होता, ते मला कळलं होतं."

"व्हय. तवाच दिसलं. तू चपलांकडं बघत व्हता."

"मग तुम्ही काहीच का नाही बोललात?"

खाली कुणीतरी गाडी स्टँडला लावली.

"माझ्याकडं शब्द कुठं व्हते?" आबा म्हणाले. "तुझ्याकडं व्हते."