सरांसाठी सोडे

नव्या नियमामुळे कॉमर्सला असूनही मला मानव्यविद्येचा एक विषय घ्यावा लागला. वर्गात सगळ्यांनीच तो कपाळाला आठ्या घालून घेतला, मीसुद्धा. पण म्हसळ्याच्या आमच्या कॉलेजात तो शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला मला जिंकलं. परदेशातले थोर पुरुष जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' असं ज्या हातानं लिहीत, त्याच हातानं गुलामांच्या खरेदीवर सही करत, हे सांगताना सरांचा आवाज कापायचा. काळ्या बाईच्या हातचं जेवण त्यांना गोड लागायचं, पण ती शेजारी बसलेली चालायची नाही. "हा दुटप्पीपणा ओळखायला शिका," सर म्हणायचे. मी ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. इतकी भाबडी होते मी.

घरी गेले की आईला सगळं सांगायची. आमचं घर श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात. आई मासळीची पाटी घेऊन म्हसळ्याच्या बाजारात बसते. गुलामगिरीचं तिला फारसं नवल वाटलं नाही, सरांचं मात्र वाटलं. आवडत्या माणसाला वानवळा पाठवायची आमच्याकडे रीतच आहे. आईनं चांगली कोळंबी निवडून सोलली, तिचे सोडे सुकवले आणि पुडी माझ्या हातात दिली. सरांनी तोंडभर कौतुक केलं. "तुझ्या आईंना एकदा भेटायला हवं," म्हणाले. मी निरोप सांगितला, तेव्हा आई दोन दिवस हवेत होती.

एरवी ती पहाटेच्या गाडीनं जाते. पण एके दिवशी होडी किनाऱ्याला उशिरा लागली, म्हणून दहाच्या एसटीला आली. ती माझी गाडी. सरही श्रीवर्धनलाच राहायचे. दुटप्पीपणावर लिहायच्या निबंधाबद्दल बोलायचं म्हणून त्यांनी मला पुढं आपल्या शेजारी बसवलं होतं. कोळणीनं पाटी घेऊन मागच्या लांब बाकावर बसायचं, असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. त्या दिवशी मागं पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं पाटी आमच्या सीटपाशी टेकवली.

सरांनी नाकाला रुमाल लावला. "कंडक्टर, हिला मागं पाठवा. इथं माणसं बसलीत."

आईनं माझ्याकडं पाहिलं. 'ही माझी आई', तीन शब्द बोलायचे होते. मी मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं.

"व्हय साहेब, जातंय मागं," आई म्हणाली. पाटी उचलून ती गर्दीतून सरकत गेली. माझी ओळख तिनं दाखवली नाही.

"हं, तर कुठं होतो आपण? त्या जाहीरनाम्याशी," सर म्हणाले. आणि मी जाहीरनाम्यावर बोलले. डोकं संतापानं तापलं होतं. या माणसानं मला चक्क फसवलं होतं. वर्षभर मला जे ओळखायला शिकवलं, ते स्वतःत ओळखायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. आणि मी त्याच्या शेजारी बसून होते, म्हसळ्यापर्यंत.

संध्याकाळी मीठ लावलेले बोंबील उलटताना आईनं विचारलं, "तेच काय तुझे सर?"

"न्हाय. दुसरेच कुणी तरी."

"बरं," म्हणून तिनं सोड्यांची नवी पुडी बांधली. "ही दे त्यांना. घरी या म्हणावं."

निबंधाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात आमची एसटी नव्हती. गुण जाऊ नयेत म्हणून मीच ती येऊ दिली नव्हती. पुडी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत नेली आणि दोनदा परत आणली.

आठवड्यानं आईनं सहज विचारलं, "आवडले काय सोडे सरांना?"

पुडी माझ्या बॅगेतच होती. "व्हय," मी म्हणाले. "लय आवडले."

आईनं वर पाहिलं नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, वास चालत न्हाय त्यांना."