हा कोणता गं पक्षी?
दहीभात कालवला की त्या आंबट वासासरशी मला कॅल्गरीतला तो खडकाळ पार्क आठवतो. नागपूरहून आई पहिल्यांदाच आली होती. उन्हाने तापलेल्या दगडांवर बसून आम्ही डबा उघडला, तर लांब शेपटीचे काळे-पांढरे मॅगपाय भोवती जमले. आईने लगेच त्यांना ‘शेपटीवाले दयाळ’ करून टाकलं आणि काळ्या डोक्याच्या इवल्याशा चिकॅडी पक्ष्याला ‘टोपीवाली चिमणी’. आम्ही हसत होतो. मग समोरच्या दगडावर एक कावळा येऊन बसला. आईने त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं आणि मला विचारलं, “हा कोणता गं पक्षी?” माझी लेक खिदळली, “आजी, इट्स जस्ट अ क्रो!” नवरा समजुतीने म्हणाला, “आई, इथल्या कावळ्यांची मान राखाडी नसते ना, म्हणून ओळखला नाहीत तुम्ही.” आईने घाईघाईने मान डोलावली. माझा घास मात्र हातातच राहिला. घरी कावळ्याला घास ठेवल्याशिवाय ती कधी जेवली नव्हती. पुढे हळूहळू माझंही नाव तिच्यातून निघून गेलं. आता कुठेही कावळा दिसला की मी आधी मनातल्या मनात त्याचं नाव घेऊन पाहते.