शेजारचं ताट

जरा जवळ ये बघू. लांब पुण्यात बसलीस म्हणून काय झालं, हे वाचून होईपर्यंत तरी तो फोन पालथा घाल. काल व्हिडिओवर दिसलीस ना, ओट्यापाशी उभी, एका हातानं डब्यातला गार भात तोंडात ढकलतेस आणि डोळे कॉम्प्युटरवर. वर मला म्हणतेस, "जेवतेच आहे गं आजी!" याला जेवणं म्हणतात होय? आमची दीदी असती तर झाशीहून गाडी पकडून तुझ्या दारात उभी राहिली असती आणि म्हणाली असती, "काय बिन्नू, का बनो है आज?" म्हणजे, काय गं पोरी, आज केलंयस काय?

दीदी म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीची दीदी. तू तिला पाहिलं असशील तर अगदी लहानपणी. सगळ्यात आधी सांगायचं तर बाई खादाड होती. बड्या बाजाराच्या मागच्या सगळ्या गल्ल्यांत तिला 'भूखी दीदी' म्हणत, तोंडावर सुद्धा. तिला राग येत नसे. ऐन जेवणाच्या वेळी ती दारात हजर व्हायची, चपला काढता काढता नाक वर करून वास घ्यायची आणि आत कढी आहे की भाजी ते ओळखायची. मीठ कमी असलं तर सांगायची. मिरची कमी असली तर मागून घ्यायची.

कामाचं म्हणशील, तर भाषण तिला बिलकुल जमत नसे. अंगणवाडीत भिंतीवर तक्ता टांगून "गर्भवती को हरी सब्ज़ी, दाल, दूध" असं ती एका सुरात वाचायला लागली, की बायका जांभया देत. कुणी म्हणे, "दीदी, बस करो, मुन्ना सो गया." ती हसायची, तक्ता गुंडाळायची. लोहाच्या गोळ्या घरोघर वाटायची आणि स्वतःची घ्यायला विसरायची. आता तूच सांग, अशा बाईचं कोण ऐकणार?

मी तेव्हा नवीन नव्हते, पण घरातली धाकटी सून होते. तुझ्या आईच्या आधी मला एक मुलगा झाला होता. अगदी एवढासा. रडायचंही बळ नव्हतं त्याच्यात. गेला. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, मीही नाही. मग तुझ्या आईच्या वेळी दिवस राहिले, आणि मला पुन्हा तसंच व्हायला लागलं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना धाप. घरात उपास पडत होते असं नाही. आपल्याकडे आधी पुरुषमंडळी, मग मुलं, मग सासूबाई नि थोरल्या जाऊबाई, आणि सगळ्यांमागून मी. स्वयंपाकघरात, एकटी, पातेलं पुसून. वरण बहुतेक संपलेलं असायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही वाटत नव्हतं.

दीदी पहिल्यांदा आली ती नेमकी त्या वेळी. सगळ्यांची जेवणं आटोपलेली, माझं राहिलेलं. सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कौन जात हो?"

"अबै तो भूखी हैं, बऊ," दीदी म्हणाली. आत्ता तरी भुकेलीच आहे, आजी.

सासूबाईंना हसू आवरलं नाही, आणि एकदा हसल्यावर परत पाठवणार कसं? पाट मांडला. पाहुणी बसली आहे तर बोलायला हवं म्हणून त्या नेहमीच्या विषयावर आल्या. आमचे पूर्वज पेशव्यांच्या वेळी इकडे कसे आले, गुरसराय गावी केवढ्या पंगती उठत, आणि आमच्या घराण्यात पंक्तिप्रपंच कधी झाला नाही. म्हणजे कसं, तेही त्यांनी हिंदीत समजावलं: एका पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडं, हे आमच्याकडे पाप. दीदी मान डोलवत ऐकत होती. ताट आलं. वरणभात, वर तूप, मेथीची भाजी, दही. तिने हात मांडीवर ठेवले.

"हम अकेले नइँ खात, बऊ."

"हम तो खा चुके," सासूबाई म्हणाल्या.

"तो जे नइँ खाईं?" ही नाही का जेवली, म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. मी दाराआड उभी होते.

आता काय करायचं? पाहुणीला उपाशी उठवायचं कसं? मला बोलावलं, पाट मांडला. मी आपलं नेहमीचं घेऊन बसले, रात्रीची पोळी आणि तळाची आमटी. दीदीनं माझ्या ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. आणि सासूबाईंना अगदी भाबड्या आवाजात विचारलं, "बऊ, आपके इतै पंगत में भेद होत है का?" म्हणजे, तुमच्याकडे पंगतीत भेद करतात का?

सासूबाई लाल झाल्या गं! उठल्या, तुपाची तामली आणली आणि माझ्या भातावर ओतली. भाजी वाढली, दही वाढलं. दीदीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "वाह."

त्यानंतर ती दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागली, त्याच वेळेला. सासूबाई आतल्या आत धुसफुसत. "सरकार हिला पगार देतं की जेवायला पाठवतं?" मराठीत म्हणत, म्हणजे तिला कळू नये. तिला सगळं कळायचं. पण तिनं आणखी एक केलं. बड्या बाजारातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "मराठिन बऊ के इतै बहू की थाली में भी वही घी." मग काय, मंदिरात बायका सासूबाईंना वाकून नमस्कार करू लागल्या. घरोघरी सुनांनी दाखले द्यायला सुरुवात केली. एवढं कौतुक झाल्यावर दीदी येणार नाही त्या दिवशी तरी मला कोरडं वाढणार कसं? अडकल्याच त्या.

आणि एका दुपारी मी नि दीदी जेवत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जेवण झालेलं होतं त्यांचं. तरी म्हणाल्या, "मलाही दोन घास वाढ." बसल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात असं ऊन ऊन मला कुणी वाढलं नाही गं." त्यांनी किती मुलं मातीत दिली होती, ते मला त्या दिवशी कळलं. दीदीनं त्यांच्या ताटाकडे भाजी सरकवली.

तुझी आई झाली ती अशी ठणठणीत, की सुईण म्हणाली, "आवाज़ तो किले तक गई होगी."

पुढे तुझी आई शाळेत जायला लागली, तशी उपाशीपोटीच पळायची. एकदा प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. दुसऱ्या दिवसापासून दीदीला सकाळी भूक लागायला लागली! सात वाजता दारात. "बिन्नू, हम अकेले नइँ खात." थालीपीठ आणि लोणी तिला फार आवडे. लोक आता म्हणतात, ते सगळं तिचं नाटक होतं, लोकांना खाऊ घालण्याची युक्ती होती. युक्ती होती, खरं आहे. पण नाटक नव्हतं. मी शेजारी बसून पाहिलंय ना. तिला खरंच भूक असायची, खरंच आवडायचं. आवडीनं खाणाऱ्याच्या शेजारी बसलं की आपल्याही तोंडाला चव येते, एवढीच काय ती तिची विद्या.

तुझे आजोबा गेले तेव्हा ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, साखर वाढली होती. मी एकटीसाठी चूल कुठे पेटवू म्हणून संध्याकाळी चहात टोस्ट बुडवून झोपत होते. तुझ्या आईला फोनवर "जेवले" म्हणून सांगत होते, तुझ्यासारखंच. एका संध्याकाळी रिक्षातून काठी बाहेर आली, मग दीदी. "काय जिज्जी, का बनो?" जिज्जी म्हणजे ताई.

"काही नाही."

"तो बैठे हैं." आणि बसली. अंधार पडला तरी हलेना. शेवटी मी चिडून उठले, पिठलं टाकलं, दोन भाकऱ्या थापल्या. दोन ताटं वाढली. पहिल्या घासाला मला रडू फुटलं. ती म्हणाली, "मिर्च तेज है का?" आणि खात राहिली.

मग ती टहरौली गावी पुतण्याकडे राहायला गेली. आजारी आहे असं कळलं म्हणून मी डब्यात सांज्याची पोळी घेऊन गेले. खाटेवर इतकीशी झाली होती. तिला पेजच चालायची, तीही दोन चमचे. पुतण्याची सून तिला भरवत होती, मोठं पोट घेऊन, अवघडून बसलेली. माझ्यासाठी ताट आलं. मी हात लावणार तेवढ्यात दीदीनं बोट उचललं, त्या पोरीकडे. आवाज जवळपास नव्हताच. "ईखों भी परस दो." हिलाही वाढा.

आम्ही दोघी तिच्या खाटेपाशी जेवलो. ती बघत होती, आणि देवाशपथ सांगते, तोंड हलवत होती, आमच्याबरोबर खाल्ल्यासारखं. त्याच आठवड्यात गेली.

पुण्यात राहून तुझं मराठी माझ्यापेक्षा चोख झालंय, तेव्हा माझ्या या खिचडी भाषेला हसू नकोस. एवढंच बघ, की कधीकाळी दाराआड उभ्या असलेल्या एका सुनेला कुणीतरी शेजारी बसवलं, म्हणून तुझी आई आहे, आणि तू आहेस. सुटी मिळाली की ये. लवकर ये. मेथी आली आहे, तुपाची तामली तीच आहे. येऊन आधी दारातून विचार, आज काय केलंय म्हणून. मी एकटी जेवत नाही.