काकूचा राजीनामा

लातूरच्या एका महाविद्यालयात मी भाषाशास्त्र शिकवतो. घरच्यांच्या लेखी ही विद्या अर्ज लिहिण्यापुरती. त्यामुळे देगलूरकडच्या आमच्या गावात काकूनं सरपंचपद सोडायची वेळ आली, तेव्हा काकांचा फोन मलाच आला, "ये, राजीनामा लिहून दे."

पद महिलेसाठी राखीव. निवडीच्या वेळी सदस्यांत ठरलं होतं, अडीच वर्षं काकू, पुढं दुसऱ्या गटाची बाई. त्यासाठी महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलला गेला. त्यावर घेतलेली शपथ आमच्याकडे सहसा कोणी मोडत नाही.

एसटीत मी शब्दाचीच वंशावळ काढत बसलो, खोडच आहे. 'राजी' अरबीतून आला, 'नामा' फारसीतून. दोन्ही मिळून संमतीचा कागद. उर्दूत आजही राजीनामा म्हणजे तडजोडपत्र, पद सोडायला तिथं इस्तिफा लागतो. मराठीत, शेजारच्या कन्नडात आणि तेलुगूत मात्र राजीनाम्यानंच पद जातं.

ओसरीवर काका आणि दोन सदस्य वाटच पाहत होते. मी 'घरगुती कारणास्तव' असं लिहून कागद पुढं केला. राहवलं नाही म्हणून अरबी-फारसीही ऐकवली. कुणी लक्ष दिलं नाही.

काकूनं चहाचे कप समोर ठेवले आणि सांगितलं, "मी सही करनार न्हाई."

"वैनी, बेलभंडारा उचललाय," एक सदस्य म्हणाला.

"कोनी उचलला? मी त्या दिशी हितं तुमचाच सैपाक करत व्हते. बेल ह्यांनी उचलला. मला कुनी इचारलं?"

खरंच होतं. बाईच्या वतीनं नवऱ्यानं शपथ घेतली, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

"माझा शब्द खाली पडतो," काका हळूच म्हणाले. त्यांची कीव आली, पण मनातून मी लई खूश झालो. सदस्य चहा न पिताच उठले.

दुसऱ्या दिवशी मी काका-काकूंसोबत ग्रामपंचायतीत गेलो. काका नेहमीसारखे सरपंचाच्या खुर्चीत बसले. काकू खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं काका उठले.